त्या गुरुवारचा आंबट घोट

कडुलिंब मोहरला की माझं डोकं फिरतं.

लोकांना त्या वासाने गुढी आठवते, चैत्र आठवतो, कुणाला माहेर आठवतं. मला एक बाटली आठवते. अकोल्यात आमच्या शाळेच्या मैदानात चार जुने कडुलिंब आहेत. मार्च सरत आलेला असतो, मी नववीच्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडून बसलेली असते, पंखा गरम हवाच इकडची तिकडे ढकलत असतो आणि अकराच्या सुमारास खिडकीतून तो वास येतो. एवढ्या कडू झाडाला इतका गोड वास कसा, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. मग मी लाल पेन खाली ठेवते आणि आईवर चिडते. आई अमरावतीला असते, पण चिडायला एस.टी.चं तिकीट लागत नाही.

हे दिवस आमच्या लेंटचे. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही ख्रिस्ती लोक उपासाचे आणि पश्चात्तापाचे मानतो. वऱ्हाडात हे दिवस नेमके असे येतात की पश्चात्ताप वेगळा करावा लागत नाही. सकाळी दहाला डांबर मऊ होतं, माठाला ओला पंचा गुंडाळला जातो, आणि चर्चमध्ये पांढऱ्या साड्यांना घामाचे नकाशे पडतात. लहानपणी मला वाटायचं, प्रभू येशूने अरण्यात उपास केला ते अरण्य अमरावती आणि बडनेऱ्याच्या मधेच कुठेतरी असणार.

आई निवृत्त नर्स. सगळं आयुष्य बाळंतिणींच्या वॉर्डात गेलं. पण आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, तिची ओळख वेगळी होती. तिच्याकडे ‘टेबल’ होतं. प्रभुभोजनाच्या दिवशी, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकरीचा तुकडा आणि घोटभर रस घ्यायचा त्या दिवशी, वेदीपुढे जो मेज मांडतात तो मांडायचा, त्यावरची पांढरी चादर धुऊन खळ घालून इस्त्री करायची, भाकरीचे तुकडे करायचे, बोटाएवढे काचेचे पेले पुसून तबकात लावायचे आणि मुख्य म्हणजे रस करायचा. आमच्याकडे द्राक्षाची दारू चालत नाही. चालतो रस, तोही घरी केलेला. ताजी काळी द्राक्षं बाराही महिने कुठली मिळायला? म्हणून काळ्या मनुका.

तीस वर्षं तिने तो रस केला. आदल्या संध्याकाळी मनुका निवडायच्या, देठं काढायची, सात पाण्यांनी धुवून भिजत घालायच्या. सकाळी त्या टपोऱ्या झालेल्या असत. मग मंद आचेवर उकळत ठेवायच्या. साल फुटलं की लाकडी डावाने घोटायच्या आणि मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या. घरभर एक जड, गोड, थोडा औषधासारखा वास. साखरेचा कण नाही. आणि एक नियम, जो तिच्या आईने तिला आणि तिने मला सांगितला होता: टेबलाचा रस चाखायचा नसतो. पहिला घोट मंडळीसोबत, पाळकसाहेबांनी प्रार्थना केल्यावर. त्याआधी डाव चाटायचा नाही, बोट बुडवायचं नाही. या नियमाने पुढे माझा घात केला, ते सांगतेच.

इतकी देवभक्त बाई. पण तिची दुसरी बाजू बघा. तिच्या घरात कुठलीही वस्तू टिकत नाही. मी अकोल्याहून नेलेले दोन नवे टॉवेल पुढच्या खेपेला बांधकामावरच्या कामगारांच्या तान्ह्या पोरांभोवती गुंडाळलेले दिसतात. लेंटच्या शुक्रवारी ही स्वतः कोरा उपास करणार आणि मागच्या दारी चार जणींना जेवू घालणार. घरी प्रार्थना चालू असताना कडी वाजली की ही आमेन म्हणायच्या आत उठते. आणि उठल्याचं पाप लागलं म्हणून नंतर गुडघे टेकून सगळी प्रार्थना पहिल्यापासून म्हणते! गुडघे तर असे झालेत की उठताना पलंगाचा पाय धरावा लागतो. मी किती वेळा म्हटलं असेल, “आई, आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात. तू निदान एक नंबर लाव. दोघांच्याही मागं पळशील तं पडशील.”

“नंबर रेशनच्या दुकानात लागते,” ती म्हणते. “इथी दोघंई घरचेच हायेत.”

 पालथ्या घड्यावर पाणी.

देण्याची तिची एक पद्धत आहे. मागणाऱ्याकडे ती फारसं लक्ष देत नाही. बाई दारात आली की हिचा अंगठा सरळ तिच्या डोळ्याशी जातो. खालची पापणी हलकेच ओढायची, आतला रंग बघायचा; अंगात रक्त किती ते त्यावरून कळतं. “पांढरी फटक,” असं पुटपुटली की समजावं, आता घरातलं काहीतरी गेलं. लाल दिसली तर बाईला पाणी, गूळ आणि चार गप्पा. “गरिबाले मागताच येत नाई,” ती सांगते. “जे मागू शकते त्याचं काई ना काई निभते. आपण पापणी पाहावं.”

त्या वर्षीचा लेंट. चार वर्षं झाली त्याला. चर्चच्या मागच्या भिंतीपलीकडे एका इमारतीचं काम चाललं होतं आणि मेळघाटातून, चिखलदऱ्याच्या बाजूची काही कोरकू आदिवासी कुटुंबं तिथे मजुरीला आली होती. पत्र्याच्या खोपटात राहायची. पाणी आमच्या आवारातल्या नळावरून न्यायची. मंडळीत त्यावरून कुरबुर सुरू झाली. आवारात चिखल होतो, उपासनेच्या वेळी कळशांचा आवाज होतो. त्याच महिन्यात वेदीपुढे नवा ग्रॅनाइट बसवायचं ठरत होतं. काळा की तांबडा यावर तीन रविवार वाद झाला. मग एके दिवशी नळाला कुलूप लागलं. मी फोनवर आईला म्हणाले, “एकदाचं सोडून देतो मी हे चर्च. ग्रॅनाइटले पाया पडा म्हणा सारे.” आमच्या घराची मागची भिंतही त्याच बांधकामाला लागून आहे. तिने घरच्या नळाला लांब पाइप लावून तो भिंतीवरून पलीकडे टाकला, एवढंच मला नंतर कळलं.

मला दोन्हीकडच्यांचा वैताग आहे, हे आधीच सांगून टाकते. वेदीला फुलं कमी पडली तर ज्यांची झोप उडते आणि भिंतीपलीकडचं पोर रडलं तर कूस बदलून झोपतात, त्यांचा. आणि “प्रार्थनेनं कुणाचं पोट भरलंय” म्हणत जे ना प्रार्थना करतात ना कुणाला वाढतात, त्यांचाही. या दुसऱ्या जातीत मी स्वतः बरीच वर्षं मोडत होते. एका बाईने प्रभूच्या पायांवर महागडं अत्तर ओतलं आणि शिष्य कुरकुरले की हे विकून गरिबांना दिलं असतं, ती गोष्ट आम्ही लेंटमध्ये दरवर्षी ऐकतो. प्रभूने त्या बाईची बाजू घेतली. गरीब काय, ते तुमच्यासोबत कायम असणारच आहेत, अशा अर्थाचं काहीसं बोलला. झालं! तेवढं एक वाक्य धरून लोकांनी किती नळांना कुलपं लावली असतील, देव जाणे.

ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार झाला. आमच्याकडे खजुराची झाडं नाहीत म्हणून आम्ही शिंदीच्या झावळ्या घेऊन मिरवणूक काढतो. त्यांची टोकं अशी टोचरी की पोरं ‘होसान्ना’चा जयजयकार करता करता एकमेकांना टोचतात. मग आला पवित्र गुरुवार, म्हणजे प्रभूने शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं तो दिवस. वर्षातलं सगळ्यात मोठं प्रभुभोजन त्या संध्याकाळी. आईने बुधवारी रस करून दोन बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. मंडळी भरगच्च असते, दोन लागतातच.

मी दुपारच्या बसने निघाले. मूर्तिजापूरला उसाच्या रसाची गाडी बघून जीव कासावीस झाला, पण उपास होता. चारला घरी पोचले, पाणी घ्यायला फ्रिज उघडला आणि बघते तर एकच बाटली.

“दुसरी कुठी हाये?” आईशी बोलताना माझी शाळेतली मराठी आपोआप गळून पडते.

“सुगंतीले देली,” आई चादर घडी करत म्हणाली.

सुगंती म्हणजे भिंतीपलीकडची. तीन आठवड्यांची बाळंतीण. दुपारी विटा उचलताना चक्कर येऊन पडली आणि बायांनी तिला उचलून आईकडे आणलं. अंगठा पापणीला गेला असणार, दुसरं काय. सरकारी दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या ती घेत होती, पण अंगात काही नव्हतं. आईने आधी पेलाभर रस पाजला, मग अख्खी बाटली हातात दिली.

“अवो, पण आज गुरुवार हाये ना! काहून देली? गूळ-शेंगदाणे द्याचे होते, खजूर द्याचा होता.”

“ते बी देले.”

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, बाजारातून मनुका आणते. तर म्हणे, भिजायला वेळ कुठी हाये? न भिजवता उकळलं की नुसतं तांबडं पाणी. तिचा बेत ठरला होता. “पेल्यात अर्धा अर्धा टाकू. प्रभू का घोट मोजते? मी चादर घालाले जातो. तू साडेपाचले बाटली घेऊन ये.” आणि ती पाय ओढत गेली.

मी बसले चरफडत. अर्धे पेले! सगळ्यांच्या लक्षात येणार. मग चौकशी होणार, मग कुणीतरी सांगणार की सिस्टरबाईंनी टेबलाचा रस मजुरांना वाटला. तीस वर्षांचं टेबल जाणार. आई तशीच निगरगट्टासारखी हसणार आणि रात्री पांघरुणात रडणार. मला तिची लाज वाटत होती की काळजी, हे मला आजही नीट सांगता येत नाही. फ्रिजच्या दारात दुसरी एक बाटली होती. लाल अंबाडीच्या फुलांचा अर्क. आई हिवाळ्यात पाकळ्या वाळवून ठेवते आणि उन्हाळ्यात सरबताला वापरते. रंग हुबेहूब. विज्ञानाच्या बाईने दोन्ही बाटल्या उजेडात धरून रंग जुळवला, खात्री केली, आणि रसाच्या बाटलीतला निम्मा रस दुसऱ्या स्वच्छ बाटलीत काढून दोन्ही अंबाडीने गळ्यापर्यंत भरल्या. चाखलं नाही. टेबलाचा रस चाखायचा नसतो.

आईला मधुमेह आहे, तिच्या अर्कात साखर नसते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. साडेपाचला पेले मीच भरले; आईचं लक्ष गेलं तोवर मंडळी येऊन बसली होती.

खिडक्या उघड्या होत्या, बाहेरून मोहोराचा वास येत होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. आमच्याकडे सगळे एकदम पितात. शंभर-दीडशे हात एकदम वर गेले आणि शंभर-दीडशे तोंडं एकदम वाकडी झाली. कुणाचा डोळा मिटला, कुणाचा खांदा उडाला, मागच्या बाकावर एक पोरगं खोकायला लागलं. मी तो घोट गिळला आणि माझ्या कानापर्यंत शिरशिरी गेली. पवित्र क्षण होता आणि मला हसू फुटत होतं. मी आईकडे पाहिलं. तिचं तोंड वाकडं झालं नाही. तिने घोट घेतला, डोळे मिटले, आणि ते मिटलेलेच ठेवून बराच वेळ बसून राहिली.

घरी आल्यावर तिने ताटं वाढली.  दोघींनाही कळलं होतं आणि दोघी मुकाट्याने भात खात होतो.

मंडळीत मात्र सुरू झालं. कुणी म्हणे रस नासला होता. कुणी म्हणे नासला नाही, आंबला होता, आणि आंबला म्हणजे दारूच झाली की! तीन पिढ्यांत ज्या मेजावर दारूचा थेंब आला नाही, त्यावर सिस्टरबाईंनी दारू मांडली. गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत, बेचाळीस डिग्रीत, लोक वधस्तंभावरच्या प्रभूच्या तहानेवर ध्यान करायचं सोडून त्या रसावर ध्यान करत होते. त्यात कुणीतरी सुगंतीला बाटली नेताना पाहिलेलं होतंच. ईस्टर झाल्यावरच्या बुधवारी कमिटीने आईला बोलावलं.

कमिटीची खोली चर्चच्या मागे आहे. खिडकीला गज, खिडकीखाली सिमेंटचा बाक. “बस इथी, उन्हात उभी राहू नोको,” असं मला सांगून आई आत गेली. मला सगळं ऐकू येत होतं. एकाने तेच अत्तराचं वाक्य काढलं. गरीब काय, कायमच असतात, म्हणून प्रभूच्या वाट्याचं त्यांना द्यायचं का?

“सायेब, पेल्यात पडून प्रार्थना झाल्यावर तो प्रभूचा,” आई म्हणाली. “तोवर माह्या फ्रिजमंदी मनुकाचं पाणी होतं. अन् गरीब कायमचे सोबत हायेत म्हणते ना प्रभू? मंग त्याइले भिंतीपल्याड काहून ठेवता?”

 मग सेक्रेटरी वसंतकाकांचा आवाज आला, हळू. “पण सिस्टर, रसात काय होतं?”

“रस आंबला नवता. कमी पडला होता. त्याचं मले वाईट वाटते. मेज उणा राहाले नोको होता, ते मी मानतो. टेबल माह्याकडं होतं, तं चूक बी माहीच.”

बाकावर माझ्याजवळ दोन शब्द तयार होते: ओतलं मी. उठायचं, गजांपाशी जायचं, एवढंच. मी उठले नाही. मी स्वतःला सांगितलं, एकदा हिला कळू दे, ही जी वाटत सुटते त्याचा शेवट काय होतो. बाकावर मोहोर पडत होता आणि मी तो बोटांनी चुरत बसले. आतून निकाल आला तो मोठा गोड भाषेत. वयोमानाप्रमाणे आता सिस्टरना विश्रांती द्यावी.

तेव्हापासून टेबलावर दुकानातली सीलबंद बाटली येते. आई दर महिन्याला तो पेला घेते. कसा लागतो विचारलं तर म्हणते, “गोड हाये.” तिची खळीची चादर ट्रंकेत आहे. पण मनुका ती अजूनही भिजत घालते, सवय म्हणून, आणि ज्या कुणाची पापणी पांढरी दिसेल तिला पाजते. सुगंती बाळाला घेऊन पावसाळ्याआधी गावी गेली. जायच्या दिवशी मी तिला जरा खोचकपणेच विचारलं होतं, त्या बाटलीने आली का ताकद?

“बाई, अकेली कशी पिऊ?” ती म्हणाली. “आमी खोपटात सात झणी होतो. एक एक घोट घेतला साऱ्यायनं. लय गोड होता.”

एवढं करून तिच्या वाट्याला घोटभर! मी डोक्याला हात लावला. पुढे किती तरी दिवस मला ते सात घोट आठवत राहिले, का ते कळेना.

परवा झावळ्यांचा रविवार होता. मी अमरावतीला गेले होते. उपासनेनंतर वसंतकाका कडुलिंबाखाली उभे होते, हातात शिंदीच्या पात्याचा केलेला क्रूस. वय झालंय त्यांचं. म्हणाले, यंदा बाटली मिळत नाहीये, महिला मंडळाच्या पोरींना रस कसा करायचा ते ठाऊक नाही, तुझ्या आईला विचारू का? माझा चार वर्षांचा राग एकदम तोंडावर आला. “आता कशाला विचारता? अंबाडी मी ओतली होती, काका. आईनं नाही, मी. तिचं टेबल तुम्ही उगाच काढलं.”

काका क्रूस बोटांत फिरवत राहिले. “मला माहीत आहे,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“गुड फ्रायडेच्या सकाळीच ती घरी आली होती. म्हणाली, वधस्तंभासमोर बसायच्या आधी खरं सांगून टाकतो. पण पोरीचं नाव कमिटीत घ्यायचं नाही. ती आधीच चर्चवर चिडलेली आहे, चारचौघांत अपमान झाला तर परत पाऊल ठेवणार नाही. मी म्हटलं, सिस्टर, मग टेबल जाईल. तर म्हणाली, टेबल गेलं तर दुसरं कुणी मांडील.” काकांनी क्रूस खिशात ठेवला. “कमिटीत मला तिला वाचवता आलं असतं. पण तू खिडकीखाली होतीस ना? म्हणूनच मी रसाचं विचारलं; वाटलं, तूच उठून सांगशील. तिलाही ठाऊक होतं. ती बोलताना सारखी खिडकीकडे बघत होती.”

चर्च ते घर, रस्त्याने वळसा घालून, पाच मिनिटांचं अंतर आहे. मला ते कापायला किती वेळ लागला, सांगता येत नाही. चीड तर होतीच, पण या वेळी ती कुणावर काढावी ते कळत नव्हतं. आई स्वयंपाकघरात जमिनीवर पाय पसरून बसली होती. पुढ्यात परातभर काळ्या मनुका.

“चार वर्सं झाली,” मी दारातूनच ओरडले. “एक शबद बोलली नाई तू मले!”

“तू बी कुठी बोलली?” ती मान वर न करता म्हणाली.

“तुयं टेबल गेलं माह्यापायी.”

“हो.”

“बुधवारी कमिटी हाये. मी जाऊन सांगतो सारं. साऱ्याइच्या समोर.”

तेव्हा तिने वर पाहिलं. मग ओट्याची कड धरून उठली, कुरकुरत्या गुडघ्यांवर माझ्यापाशी आली आणि अंगठ्याने माझ्या डोळ्याखालची पापणी ओढली. बोटाला मनुकांचा चिकटपणा होता. ती बराच वेळ आत बघत राहिली.

“आली लाली,” ती म्हणाली. “बस आता. देठं काढ.”